दोन कार्डे, एक कोयता

संगणकात एकाऐवजी दोन ग्राफिक्स कार्डे बसविली म्हणजे चित्र दुप्पट वेगाने तयार होते काय? हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत नांदेड आणि लातूर या दोन्ही गावी आम्हां दोघी बहिणींना इतक्या जणांनी विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे असे आम्ही ठरविले. विचारणारे नाना प्रकारचे. लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओवाले, प्लॉटिंगवाले, इंजिनिअरिंगला शिकणारी आपली मुले-मुली, आणि ज्यांच्या बचत गटातून आम्ही कर्ज घेतले त्या वस्तीतील मायबहिणी. एका शब्दात उत्तर द्यायचे तर 'नाही'. पण त्या 'नाही'च्या पोटात बरेच काही आहे, आणि आमचे पोटही सध्या त्यावरच चालते.

आमच्यापैकी थोरली नांदेडला असते. तिच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ आहे. धाकटी शिक्षणासाठी लातूरला गेली ती तिथेच राहिली. लातूर म्हणजे शिकवणी वर्गांचे गाव. तिथे मुलगी संगणक शिकली आहे म्हटले की लोक विचारतात, 'मग क्लास का घेत नाही?' धाकटीला क्लास घ्यायचा नव्हता. तिला प्रोग्राम लिहायचे होते. थोरलीकडे गिऱ्हाईक होते, धाकटीकडे विद्या होती. म्हणून २०२२ साली आम्ही दोघींनी मिळून थ्रीडीची कामे घ्यायला सुरुवात केली. लग्नाच्या व्हिडिओची नावे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एलईडी पडद्यावर दाखवायची चलतचित्रे, आणि बांधकामवाल्यांसाठी न बांधलेल्या घरातून फिरवून आणणारे देखावे. या शेवटच्या कामात पैसा बरा, पण त्याला संगणकाची ताकद फार लागते.

ती का लागते ते आधी सांगतो. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. हलते चित्र डोळ्यांना सलग वाटावे म्हणून सेकंदाला ६० चित्रे काढायची म्हटली तर १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवावा लागतो. ऊन कुठून येते, सावली कुठे पडते, भिंत चकाकते की नाही, हे सारे प्रत्येक ठिपक्यामागे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण त्याला हात थोडे. ग्राफिक्स कार्डात लहान लहान गणिते करणारे हजारो हात असतात. मग कोणालाही वाटणारच की, एक कार्ड कमी पडले तर दुसरे जोडावे.

ही कल्पना आमच्या आधीही पुष्कळांना सुचली होती. १९९८ साली थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीच्या 'व्हूडू टू' या कार्डात ती सोय होती. दोन कार्डे जोडायची, एकाने पडद्याच्या सम ओळी काढायच्या, दुसऱ्याने विषम. पुढे ती कंपनी बुडाली, तिचा वारसा एनव्हिडियाने विकत घेतला आणि २००४ साली एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने बाजारात आणले. २००५ साली एटीआय कंपनीने क्रॉसफायर काढले. या पद्धतींत बहुतेक वेळा एक चित्र पहिल्या कार्डाने आणि पुढचे चित्र दुसऱ्या कार्डाने काढायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्याचा फारसा पत्ताही नसे. कार्डासोबत येणारा ड्रायव्हर परस्पर वाटणी करी.

परस्पर केलेल्या वाटणीचे जे होते तेच इथेही झाले. पूर्वी प्रत्येक चित्र स्वतंत्र असे. आता नवे चित्र काढताना मागच्या चित्राची मदत घेण्याची पद्धत पडली आहे, म्हणजे कडा गुळगुळीत होतात. मागचे चित्र तर शेजारच्या कार्डात! ते येईपर्यंत हात बांधून बसायचे. शिवाय दोन्ही कार्डांची चित्रे सारख्या अंतराने येईनात, त्यामुळे आकडा मोठा दिसूनही डोळ्यांना झटके बसत. आणि आठ जीबीची दोन कार्डे घेतली तर सोळा जीबी जागा मिळाली असे लोक समजत, तेही खोटे. दोन्ही कार्डांत तोच देखावा पुन्हा ठेवावा लागे, म्हणून जागा आठच. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी नवी जुळणी ड्रायव्हरमध्ये टाकणार नाही, असे एनव्हिडियाने जाहीर केले. २०२२ साली आलेल्या ४०९० या मोठ्या कार्डावरून तर दोन कार्डे जोडायची खाचच गेली.

मग हा विषय संपला काय? नाही. काम कंपनीच्या हातातून निघून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात आले. २०१५ साली आलेले डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ साली आलेले व्हल्कन यांनी प्रोग्रामरला सांगितले की, कार्डे किती आहेत ते तूच पाहा, कोणाला कोणते काम द्यायचे ते तूच ठरव. २०१८ साली व्हल्कनच्या १.१ आवृत्तीत सारखी कार्डे एका गटात बांधून वापरायची सोयही आली. आम्हांला ही गोष्ट आवडते. कष्ट वाढले, पण वाटणी कोण करते ते तरी दिसू लागले.

आपल्या महाराष्ट्रातही या विद्येची परंपरा आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे. परदेशातून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एकच अचाट प्रोसेसर न घेता ट्रान्सप्युटर नावाचे पुष्कळ लहान प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटले होते. २०२० साली त्याच संस्थेत 'परम सिद्धी' आला. त्यात आठ-आठ कार्डांचे ४२ संच, म्हणजे ३३६ कार्डे आहेत. तिथे एकेका संचातील कार्डे आपसांत सेकंदाला ६०० जीबीपर्यंत माहिती देतात-घेतात. आमच्या घरच्या संगणकात दुसऱ्या कार्डाला जी वाट मिळाली ती सेकंदाला जेमतेम चार जीबीची. हमरस्ता आणि पायवाट असा हा फरक आहे.

आमचे पहिले कार्ड आठ जीबीचे होते. २०२३ साली लातूरच्या एका स्टुडिओवाल्याने आपले सहा जीबीचे जुने कार्ड विकायला काढले. ते घ्यायला बचत गटाकडे कर्ज मागितले, तेव्हा बैठकीत एका मावशींनी विचारलेच, 'बाई, दोन यंत्रं झाली तर येळ निम्मा व्हईल ना?' आम्ही खरे ते सांगितले की, मावशी, निम्मा होणार नाही. स्वयंपाकाला दोन चुली पेटवल्या तरी पीठ मळणारी एकच असेल तर भाकरी निम्म्या वेळात होत नाहीत. मावशी हसल्या आणि कर्जाला हो म्हणाल्या. त्यांना जे एका वाक्यात पटले ते जीन अॅमडाल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६७ साली गणिताने मांडले आहे. कामाचा शेकडा ३० भाग वाटताच येत नसेल, तर दोन कार्डांनी वेग दीडपटीच्या किंचित वर जातो. हजार कार्डे लावली तरी सव्वातीन-साडेतीन पटीच्या पुढे जात नाही.

संगणक कुठे ठेवायचा यावरही खल झाला. दोन कार्डे शेजारी बसविली की वरच्याला खालच्याची गरम हवा मिळते. कार्ड फार तापले की ते स्वतःच आपला वेग कमी करते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही आणि कूलरला पाणी लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे संगणकासाठी कूलर भरायचा हे धाकटीला पटेना. म्हणून संगणक गोदाकाठी, थोरलीच्या घरी. धाकटी कामापुरती एस.टी.ने येते. पॉवर सप्लायही बदलावा लागला. कार्डाची किंमत विचारणारे याचा खर्च विचारत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता कामाचे. थ्रीडीचे काम दोन तऱ्हांचे असते आणि दोन्हींची वाटणी वेगळी. पहिली तऱ्हा सोपी. लग्नाच्या एका मिनिटाच्या चलतचित्राला सेकंदाला २५ या हिशेबाने १५०० चित्रे लागतात. ती रात्रभर काढून ठेवली तरी चालतात आणि एका चित्राचे दुसऱ्यावर काही अडत नाही. ब्लेंडर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आम्ही यासाठी वापरतो. आमचे मोठे कार्ड एका चित्राला ४० सेकंद घेई, लहान कार्ड ६०. मोठे एकटेच राबले तर पावणेसतरा तास. सम-विषम वाटले तर लहान कार्डाच्या वाट्याची ७५० चित्रे साडेबारा तास खातात आणि मोठे आपले काम उरकून बसून राहते. म्हणून वाटून द्यायचेच नाही! जो मोकळा होईल त्याने पुढचे चित्र उचलावे. असे केले की तेच काम दहा तासांत होते. ब्लेंडर दोनदा चालू करावा, एकाला एक कार्ड, दुसऱ्याला दुसरे. 'प्लेसहोल्डर' ठेवण्याची खूण करावी आणि 'ओव्हरराइट'ची काढावी. मग प्रत्येक जण चित्र घेताना त्या नावाची रिकामी फाइल ठेवतो आणि दुसरा ते चित्र सोडून पुढे जातो. एक काळजी घ्यावी. मध्येच लाइट गेली तर ती रिकामी फाइल तशीच राहते आणि ते चित्र कोणीच काढत नाही. सकाळी उठल्यावर शून्य आकाराच्या फाइली शोधून काढून टाकाव्या आणि पुन्हा चालू करावे. आम्ही चहा ठेवण्याआधी हे करतो.

दुसरी तऱ्हा अवघड, आणि तीच पैशाची. लातूरच्या एका बांधकामवाल्याला त्याच्या रो-हाउसच्या गल्लीतून गिऱ्हाइकाला हवे तसे फिरता येईल असा देखावा प्रदर्शनात लावायचा होता. इथे रात्रभर काढून ठेवणे चालत नाही. गिऱ्हाईक मान वळवील तिकडचे चित्र तत्काळ हवे. सेकंदाला निदान ३० चित्रे, म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. आमच्या मोठ्या कार्डाला एकट्याने ४४ लागत होते. काम हातचे गेले असते तर हप्ता गेला असता, आणि धाकटीला क्लासची नोकरी धरावी लागली असती. घरात तसे बोलणे सुरूही झाले होते.

दोन कार्डे निरनिराळी असल्याने व्हल्कनच्या गटात ती बसत नव्हती. म्हणून धाकटीने दोन्ही कार्डे स्वतंत्रपणे उघडली, दोन्हींत सारा देखावा भरला (तो सहा जीबीत बसवायला झाडांची पाने पुष्कळ कमी करावी लागली) आणि पडदा उभा मधोमध कापला. डावी बाजू मोठ्याला, उजवी लहानाला. आडवा कापायचा नाही, कारण वर नुसते आभाळ आणि खाली सारी घरे. आभाळ काढणारा रिकामा बसेल. लहानाचा अर्धा भाग संगणकाच्या मेमरीतून मोठ्याकडे यायचा आणि तिथून पडद्यावर. मोजले तर ४२ मिलिसेकंद. ४४ चे ४२! एवढ्यासाठी कर्ज काढले काय, असे कोणालाही वाटले असते.

त्या दिवसांत आमची माय नांदेडलाच होती. आमचे गाव कंधार तालुक्यात. माय आणि बा कित्येक हंगाम पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकाने ऊस तोडायचा, पाचट काढायचे, दुसऱ्याने गोळा करून मोळी बांधायची आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. मजुरी कोयत्याला, माणसाला नाही. माय स्क्रीनसमोर बसून बराच वेळ पाहत होती. आम्ही तिला सांगितले, 'माय, ही दोन कार्डं म्हणजे तू नि बा. पडदा म्हणजे फड. निम्मा-निम्मा वाटला, पण काम होईना.'

तिने विचारले, 'दोघंबी सारखी ताकदीची हायती का?'

'नाहीत.'

'मंग निम्मा कशाला? अन् एक दमलं की दुसरं काय करतंय गं?'

आम्ही म्हणालो, 'वाट पाहतं.'

माय म्हणाली, 'तवाच.'

मग तिने एका हंगामाची गोष्ट सांगितली. बा तापाने पडला होता. मुकादमाने अर्धा कोयता लावला. पण ऊस निम्म्याहूनही कमी निघाला, कारण तोडणारीही तीच आणि बांधणारीही तीच. एक मोळी बांधायला वाकली की कोयता खाली. ती हे रडत सांगत नव्हती, हिशेब सांगावा तसे सांगत होती. त्या वर्षी थोरली आजीजवळ राहून सातवीला होती, हे आम्हांला आठवले. मायला ते आठवून द्यायची गरज नव्हती.

धाकटीने त्या रात्री रेषा सरकती केली. प्रत्येक कार्डाला आपले काम संपायला किती वेळ लागला ते कार्डच सांगू शकते. मागच्या चित्राला लहानाने जास्त वेळ घेतला तर रेषा उजवीकडे सरकवायची, म्हणजे त्याचा वाटा कमी. मोठ्याने घेतला तर डावीकडे. पण एका चित्राच्या मापावर लगेच सरकवली तर रेषा थरथरत राहते, म्हणून मागच्या आठ चित्रांची सरासरी घेतली आणि एका वेळी थोडीच हलविली. रेषा लहानाच्या वाट्याला साधारण एक-तृतीयांश पडदा ठेवून थांबली. मोजले, ३३.

३३ म्हणजे काठावर, आणि काठावर राहून प्रदर्शनात भागत नाही. मग आणखी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, ज्याच्या भागात जे घर दिसतच नाही ते त्याने विचारातही घ्यायचे नाही. गल्लीच्या डाव्या बाजूची घरे उजव्या कार्डाला कशाला? सावल्यांसाठी काही घरे दोघांनाही लागतात, तो भाग वाटता येत नाही. दुसरी गोष्ट माय म्हणाली तीच होती. मोळी बांधून झाली की टाकून यायची, ढीग साचवायचा नाही. लहान कार्ड आपला सारा भाग पुरा करून मग पाठवीत होते. आता ते वरचा पट्टा पुरा झाला की पाठवायला लावते आणि पाठवणी चालू असताना खालचा पट्टा काढते. कार्डात माहिती वाहणारी रांग वेगळी असते, तिचा उपयोग असा करायचा. २९ मिलिसेकंद झाले.

एक कुरबुर राहिली. चकाकीसाठी शेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळावे लागतात. रेषेवरच्या ठिपक्याचा शेजारी दुसऱ्या कार्डात, त्यामुळे पडद्यावर बारीक उभी शिवण दिसे. त्यासाठी दोन्ही कार्डांना रेषेपलीकडचे थोडे ठिपके जास्तीचे काढायला लावले आणि नंतर कापून टाकले. शेतात बांधाला लागून दोन्हीकडच्यांनी हातभर जास्त खुरपावे, तसे. एवढ्याने एक मिलिसेकंद परत गेला. गेला तर गेला, चित्र स्वच्छ पाहिजे.

प्रदर्शन तीन दिवस चालले. पहिल्या दिवशी दुपारी मंडपात उकाडा वाढला तेव्हा मोठे कार्ड तापून मंद झाले आणि रेषा आपोआप डावीकडे सरकून लहानाने वाटा वाढवून घेतला. चित्रांचा वेग ३० च्या थोडा खाली आला, पण देखावा अडखळला नाही. गिऱ्हाइकांना काही कळले नाही. थोरलीने मात्र लक्षात यावे म्हणून तपासणीच्या छोट्या पडद्यावर ती रेषा लाल रंगाने दाखविली होती, आणि माय गिऱ्हाइकांकडे पाठ करून त्या लाल रेषेकडेच बघत बसली होती.

जी मुले-मुली हे शिकू इच्छितात त्यांना आमचे सांगणे इतकेच की, दुसरे कार्ड विकत घेण्याआधी आपल्या मदरबोर्डावरची दुसरी खाच किती रुंद वाटेची आहे ते पाहा. पुष्कळदा ती दिसायला लांब असते आणि आत तारा चारच पदरी असतात. पडद्याचे एक पूर्ण चित्र सुमारे ८३ लाख बाइटचे, ते तशा वाटेने जायला दोन मिलिसेकंद लागतात. आधी एकाच कार्डावर वेळ कुठे जातो ते मोजा. पुष्कळ वेळा मोजताना दिसते की दुसऱ्या कार्डाची गरजच नव्हती. आणि चलतचित्रे रात्री काढून ठेवण्याचेच काम असेल, तर दोन कार्डे बेधडक लावा. तिथे हिशेब सरळ आहे.

कर्जाचे हप्ते फिटले. बांधकामवाल्याने दुसऱ्या गल्लीचे कामही आम्हांलाच दिले आहे. तिच्यात झाडे जास्त आहेत आणि ती सहा जीबीत बसत नाहीत. झाडे फक्त मोठ्या कार्डात ठेवून लहानाला नुसत्या सावल्या काढायला लावाव्यात काय, याचा विचार चालू आहे. म्हणजे एकाने तोडायचे आणि दुसऱ्याने बांधायचे. धाकटी येत्या शनिवारी लातूरहून येणार आहे, तेव्हा करून पाहू.